कल्हईचे पैसे कोण देणार? डोळ्यांच्या संशोधनासाठी सामायिक जनुक-प्रयोगशाळा

माझ्या मावसबहिणीचा मुलगा एकोणीस वर्षांचा आहे. दिवसा त्याच्याकडे बघून कुणाला काही कळणार नाही. दिवेलागणीला मात्र घराच्या ओटल्यावरून उतरताना त्याचा उजवा पाय आधी हवेत चाचपडतो, पायरीची कड लागली की मगच डावा मागून येतो. तीनच पायऱ्या आहेत. इंदूरच्या रामबागेतल्या त्याच घरात तो वाढला, त्याच पायऱ्यांवरून रांगत उतरला.

इथल्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी रोगाचं नाव सांगितलं, रेटिनायटिस पिगमेंटोसा, आणि जनुक-चाचणी करून घ्या म्हणाले. जांभळ्या टोपणाच्या नळीत रक्त घेतलं, ते कुरियरने दक्षिणेत गेलं, तेवीस हजार रुपये भरले आणि सात आठवड्यांनी अकरा पानांचा अहवाल आला. मी प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून सव्वीस वर्षं काढली आहेत, म्हणून तो माझ्यापुढे ठेवला गेला. यूएसएच२ए नावाच्या एका जनुकात दोन बदल सापडले होते. एकापुढे लिहिलं होतं 'रोगकारक'. दुसऱ्यापुढे 'अर्थ अनिश्चित'.

"अनिश्चित म्हणजे काय, ताई? आहे का नाही एवढंच सांग ना," मावसबहीण म्हणाली.

त्या दिवशी मी तिला दहा मिनिटांत काहीतरी सांगितलं, पण माझंच समाधान झालं नाही. कारण खरं उत्तर अहवालाच्या पलीकडे जातं. रक्त बाहेरगावी का पाठवावं लागतं, आपल्या लोकांची माहिती इतकी तोकडी का आहे, आणि ज्या प्रयोगशाळांनी हे काम करायचं त्यांना पैसा कोण आणि कशासाठी देतो, इथपर्यंत. म्हणून हा लेख.

पडदा, पेशी आणि अक्षरं

डोळ्याच्या आत मागच्या बाजूला एक पातळ अस्तर असतं, त्याला आपण पडदा म्हणतो. प्रकाश टिपणाऱ्या दोन तऱ्हेच्या पेशी त्यात असतात. अंधुक उजेडात काम करणाऱ्या दंडपेशी एका डोळ्यात सुमारे १२ कोटी, आणि रंग व बारकावा बघणाऱ्या शंकूपेशी सुमारे ६० लाख. रेटिनायटिस पिगमेंटोसात आधी दंडपेशी मरतात. म्हणून सुरुवात रातांधळेपणाने होते, मग नजरेचं क्षेत्र कडेकडेने आक्रसत जातं आणि माणूस नळीतून बघितल्यासारखं बघू लागतो.

या पेशी फार राबतात. त्यांच्या टोकाचा, प्रकाश टिपणारा भाग रोज साधारण दहावा हिस्सा झडतो आणि तेवढाच नव्याने घडवावा लागतो. तो घडवायच्या कृती जनुकांत लिहिलेल्या असतात. माणसाच्या एका पेशीतलं असं सगळं लिखाण म्हणजे जीनोम: चार अक्षरांच्या लिपीत सुमारे ३०० कोटी अक्षरं, आणि त्यात वीस हजारांच्या आसपास जनुकं. हे लिखाण मोठ्या प्रमाणावर वाचायचं, त्याचा अर्थ लावायचं शास्त्र म्हणजे जीनोमिक्स. कोरोनाच्या काळात 'जीनोम सिक्वेन्सिंग' हा शब्द घराघरात पोचला होता. तिथे विषाणूची जेमतेम ३० हजार अक्षरं वाचायची होती.

अक्षर चुकलं की काय होतं ते मराठीत फार छान समजावता येतं. 'दिन' म्हणजे दिवस आणि 'दीन' म्हणजे गरीब. वेलांटी बदलली, अर्थ पार बदलला. पण 'कोणी' लिहा नाहीतर 'कुणी' लिहा, अर्थ तोच राहतो. जनुकांचंही असंच आहे. काही बदल घातक, बहुतेक निरुपद्रवी. या रोगाला कारण ठरणारा पहिला बदल १९९० साली ऱ्होडॉप्सिन नावाच्या जनुकात सापडला. आज पडद्याच्या आनुवंशिक रोगांशी जोडलेली जनुकं २७०च्या वर गेली आहेत. दोन रुग्णांच्या डोळ्यांत बघून डॉक्टरला एकच चित्र दिसेल, पण त्यामागची चुकलेली अक्षरं वेगवेगळ्या जनुकांत असू शकतात.

मग 'अनिश्चित' का?

पुण्याच्या एखाद्या मुद्रितशोधकाकडे आपलं लिखाण पाठवा. 'ओटला' हा शब्द दिसला की तो 'ओटा' करून टाकेल. त्याच्या कोशात तो शब्द नाही, म्हणून ती त्याला चूक वाटते. इंदुरात तो घरोघर आहे. अनिश्चित बदलाची अडचण नेमकी ही आहे. कुठल्याही माणसाचा जीनोम प्रमाण प्रतीशी ताडून पाहिला तर ४० ते ५० लाख ठिकाणी फरक निघतो. त्यातला कुठला फरक 'ओटला' आहे आणि कुठला 'दीन', हे ठरवायला त्या त्या समाजातल्या निरोगी आणि आजारी, दोन्ही तऱ्हेच्या पुष्कळ लोकांच्या नोंदी लागतात. जगातल्या अशा नोंदींत युरोपीय वंशाच्या लोकांचा भरणा फार मोठा आहे.

आपल्याकडे २०२० साली सुरू झालेल्या जीनोम इंडिया प्रकल्पाने ८३ समाजगटांतल्या १०,००० लोकांचे जीनोम वाचले, आणि ती माहिती जानेवारी २०२५मध्ये फरीदाबादच्या भारतीय जैविक माहिती केंद्रातून संशोधकांना खुली झाली. हे फार मोलाचं काम आहे. पण ती सर्वसाधारण लोकांची माहिती आहे. डोळ्यांच्या रुग्णांची, त्यांच्या आईवडिलांची, भावंडांची नोंद वेगळी आणि बारकाईने व्हायला हवी. मध्य भारताला तर ती जास्तच हवी. नागपूरजवळच्या खेड्यांत तिशीवरच्या सुमारे ४,७०० लोकांची तपासणी झाली होती, त्यात साधारण ७५० जणांत एकाला हा रोग आढळला. जगभरात सर्वसाधारणपणे ४,०००त एक असा आकडा सांगतात. नमुना लहान होता, तरी आकडा मनात राहण्यासारखा आहे.

एक गोष्ट इथे सांगायलाच हवी, कारण घरोघरी तिच्यावरून बायकांना बोल लागतात. प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. यूएसएच२एसारख्या जनुकात रोग व्हायला दोन्ही प्रती बिघडलेल्या लागतात. एकच बिघडलेली असेल तर माणूस ठणठणीत राहतो आणि त्याला पत्ताही नसतो. असे दोघे एकत्र आले तर प्रत्येक मुलामागे चारात एक शक्यता. मामेबहीण, आतेबहीण अशा नात्यात लग्न झालं तर एकच बिघाड दोघांकडे असण्याचा संभव वाढतो, पण नात्याबाहेरही हे घडतं. यात आईचा दोष नाही, वडिलांचाही नाही, पत्रिकेचा तर नाहीच.

म्हणून अनिश्चित बदलाचा छडा लावायची पहिली पायरी म्हणजे आईवडिलांचं रक्त तपासणं. दोन बदल दोन वेगळ्या प्रतींवर असतील, म्हणजे एक आईकडून आणि एक वडिलांकडून आला असेल, तर दोन्ही प्रती बिघडल्याचा पुरावा बळकट होतो. दोन्ही एकाच पालकाकडून आले असतील तर दुसरी प्रत चांगली आहे, आणि शोध दुसरीकडे घ्यावा लागतो.

नळीतल्या रक्ताचं काय होतं

हे मी हाताने केलेलं काम आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगते. रक्तातल्या पांढऱ्या पेशी फोडून त्यातला डीएनए वेगळा करतात. शेवटी तो अल्कोहोलमध्ये दिसतो तेव्हा पांढऱ्या कापसाच्या धाग्यासारखा तरंगतो. विद्यार्थी पहिल्यांदा बघतात तेव्हा गप्प होतात. मग त्याचे काहीशे अक्षरांचे तुकडे करायचे. प्रत्येक तुकड्याच्या टोकांना ठरावीक अक्षरांची पट्टी जोडायची, आणि त्यातच त्या रुग्णाची खूण म्हणून आठ-दहा अक्षरांचा बिल्ला. मग बऱ्याच रुग्णांचे तुकडे एकत्र मिसळून काचेच्या एका पट्टीवर सोडायचे. यंत्र दर फेरीला एक अक्षर जोडतं, प्रत्येक अक्षर आपल्या रंगाने चमकतं आणि यंत्र त्याचा फोटो काढतं. एका माणसाचा पूर्ण जीनोम, प्रत्येक अक्षर सरासरी ३० वेळा वाचलं जाईल असा, वाचला की १०० जीबीच्या आसपास माहिती जमा होते.

इथपर्यंतचं काम यंत्राचं आणि नेटक्या हाताचं. पुढे ते कोट्यवधी तुकडे संगणकावर जुळवायचे, फरक शोधायचे, आणि मग डोळ्यांचा डॉक्टर, जनुकतज्ज्ञ आणि संगणकावर काम करणारा माणूस यांनी एकत्र बसून अर्थ लावायचा. माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त वेळ याच टेबलावर जातो, आणि अनुदानाच्या अर्जात सगळ्यात कमी ओळी याच टेबलाला मिळतात.

इंदूर–पुणे बस आणि समाजाची भांडी

आता सामायिक कशाला, हे बघू. ती काचेची पट्टी आणि तिच्याबरोबरची रसायनं एका खेपेला एकदाच वापरता येतात. तीन नमुने घाला नाहीतर तीस, पट्टीचा खर्च तोच. रात्री पुण्याला निघणारी स्लीपर बस तीन प्रवाशांना घेऊन गेली तरी डिझेल आणि टोल तेवढाच लागतो. एकट्या संशोधकाकडे महिन्याला चार-पाच नमुने येतात. तो एकतर अर्धी रिकामी बस सोडतो आणि एका नमुन्याचा खर्च आभाळाला भिडतो, नाहीतर बस भरेपर्यंत सहा महिने थांबतो. तेवढ्यात रसायनांची मुदत संपते. चार रुग्णालयं, दोन विद्यापीठं आणि एक नेत्रपेढी एकाच प्रयोगशाळेत नमुने देऊ लागली की बस दर पंधरा दिवसांनी भरून सुटते. प्रत्येक तुकड्यावर बिल्ला असल्यामुळे कुणाचं सामान कुणाकडे जात नाही.

आपल्या मराठी घरांना ही व्यवस्था अनोळखी नाही. मुंजीला तीनशे पानांचा भात शिजेल असं पातेलं कुणी घरासाठी विकत घेत नाही. ते समाजाचं असतं, वहीत नोंद करून आणायचं, घासून परत करायचं. पातेल्यावर देणाऱ्याचं नाव कोरलेलं असतं, 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ'. पण त्या पातेल्यांना कल्हई कधी लावायची, त्याचे पैसे कोण देणार, वही कोण सांभाळणार, हे कुठेच कोरलेलं नसतं. कल्हई गेली की तांब्या-पितळेच्या पातेल्यात आंबटाचं काही करता येत नाही. पातेलं असून नसल्यासारखं होतं.

डोळ्यांसाठीच वेगळी गरज का

रक्त वाचायची सोय देशात खाजगी प्रयोगशाळांकडे आहेच, मग डोळ्यांच्या संशोधनाला वेगळं काय हवं? तीन गोष्टी सांगते.

पहिली, पडद्याची काही जनुकं वाचायलाच कठीण. आरपीजीआर नावाच्या जनुकात एक भाग असा आहे की तीच तीच अक्षरं पुन्हा पुन्हा येतात, आणि छोटे तुकडे जुळवताना यंत्राचा गोंधळ उडतो. पुरुषांत दिसणाऱ्या गंभीर पडदारोगाची बरीच कारणं नेमकी तिथेच दडलेली असतात. एबीसीए४ या जनुकात काही घातक बदल कृतीच्या बाहेर, दोन भागांच्या मधल्या मजकुरात असतात. सर्वसाधारण चाचणी फक्त कृतीचा भाग वाचते, म्हणजे जीनोमचा एक-दोन टक्के. हे बदल तिच्या हाताला लागत नाहीत. पडद्याच्या आनुवंशिक रोगांत अजूनही कितीतरी कुटुंबं चाचणी करूनही उत्तराविना राहतात. त्यांच्यासाठी वेगळी पद्धत वापरणारे, तेच काम रोज करून हात बसलेले लोक लागतात.

दुसरी, डोळ्याचा पडदा जिवंत माणसातून काढता येत नाही. तो नेत्रदानातून मिळतो. डोळ्याच्या पुढचं पारदर्शक पटल प्रत्यारोपणाला गेलं की उरलेला डोळा, कुटुंबाने संमती दिली असेल तर, संशोधनाला वापरता येतो. कुठली पेशी कुठलं जनुक वापरते हे त्यातून कळतं. २०१५ साली उंदराच्या पडद्यातल्या ४४ हजारांहून अधिक पेशी एकेक करून वाचल्या गेल्या आणि त्यांचे ३९ गट निघाले, तेव्हापासून या कामाला वेग आला. पण पेशी काय वापरते आहे याचा निरोप म्हणजे आरएनए, आणि तो मृत्यूनंतर काही तासांत नासू लागतो. कुरियरने हैदराबादला पाठवायची ती वस्तू नाही. नेत्रपेढी आणि प्रयोगशाळा एकाच गावात हवी.

तिसरी गोष्ट उपचाराची. डोळा छोटा, बंदिस्त आणि तपासायला सोपा अवयव आहे, म्हणून जनुकोपचार, म्हणजे बिघडलेल्या जनुकाची चांगली प्रत पेशींत पोचवणं, इथे लवकर पोचला. आरपीई६५ या जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या रुग्णांसाठी लक्सटर्ना या औषधाला अमेरिकेत डिसेंबर २०१७मध्ये मान्यता मिळाली. दोन डोळ्यांची किंमत साडेआठ लाख डॉलर ठेवली गेली. किंमत ऐकून छाती दडपते हे खरंच. पण त्या औषधाच्या दारात उभं राहायचीही पहिली अट म्हणजे आपलं जनुक नक्की माहीत असणं, आणि पडद्यात अजून जिवंत पेशी असणं.

पैसा नेमका कशावर द्यायचा

आता मूळ मुद्दा. मी काम केलं त्या एका ठिकाणी सरकारी अनुदानातून एक छोटा सिक्वेन्सर, म्हणजे डीएनएची अक्षरं वाचणारं यंत्र, आला होता. केसासारख्या बारीक काचनळ्यांतून डीएनए धावतो, अशा जातीचा. उद्घाटनाला फुलं, नारळ, फोटो. पहिली दोन वर्षं आम्ही तो भरपूर चालवला. तिसऱ्या वर्षी देखभालीचा करार संपला. असा वार्षिक करार सर्वसाधारणपणे यंत्राच्या किमतीच्या दहा टक्क्यांच्या आसपास पडतो. अनुदान यंत्राचं होतं, कराराला त्यात रकाना नव्हता. त्याच सुमारास ते यंत्र हाताळणाऱ्या मुलीची कंत्राटी नेमणूक संपली. त्या काचनळ्या वापरात नसल्या तरी द्रावणात ओल्या ठेवाव्या लागतात, नाहीतर आत सुकून कायमच्या बंद होतात. ती होती तोवर दर सोमवारी द्रावण बदलायची. ती गेल्यावर माझ्याकडे दुसरं काम होतं, मी बदलायचे तेव्हा बदलायचे. मग दिवाळीच्या सुट्ट्या आल्या. परतलो तेव्हा नळ्या गेल्या होत्या. पुढची कितीतरी वर्षं ते यंत्र पिस्ता रंगाच्या पडद्याच्या कापडाखाली उभं होतं. ते कापड मीच शिवलं होतं. आजही त्या यंत्राची आठवण आली की जीव हळहळतो, कारण त्या काळात ज्यांचे नमुने आम्ही बाहेर पाठवले त्यातल्या कित्येकांची नावं मला आठवतात.

जुन्या काळी देऊळ बांधणारा माणूस पूजेअर्चेला आणि दिवाबत्तीलाही जमीन इनाम देऊन जायचा. नुसत्या गाभाऱ्याने देऊळ चालत नाही हे त्याला माहीत होतं. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत या दोन गोष्टींसाठी दोन वेगळी अनुदानं आहेत. एक यंत्रासाठी: किमान तीन अनुदानित संशोधक मिळून अर्ज करतात, यंत्र येतं, ते चालवायची हमी त्यांच्या संस्थेने द्यायची. दुसरं म्हणजे तिथल्या राष्ट्रीय नेत्र संस्थेचं गाभा-केंद्र अनुदान. एखाद्या विद्यापीठात डोळ्यांवर काम करणारे पुष्कळ अनुदानित संशोधक असतील, तर त्या सगळ्यांनी वापरायच्या सोयींसाठी, म्हणजे जनुकवाचन, सूक्ष्मदर्शक, संख्याशास्त्राचा सल्ला अशा विभागांसाठी, हे पैसे मिळतात. कुणा एकाच्या प्रयोगासाठी ते नसतात. त्यातून तंत्रज्ञांचे पगारही निघतात. हे दिवाबत्तीचं इनाम. त्याच संस्थेने २००६ साली आयजीन नावाचं जाळं उभारलं. देशभरच्या डॉक्टरांनी रुग्णांचे नमुने आणि डोळ्यांच्या नोंदी एका ठिकाणी पाठवायच्या, चाचणी मान्यताप्राप्त प्रयोगशाळांत व्हायची आणि जमलेली माहिती संशोधकांना खुली व्हायची. सहा हजारांहून अधिक लोकांनी त्यात नमुने दिले.

आपल्याकडेही पाया आहे. केंद्राच्या विज्ञान विभागाची सामायिक उपकरण केंद्रं १९७०च्या दशकापासून चालू आहेत. २०२०मध्ये सुरू झालेल्या आय-स्टेम या संकेतस्थळावर देशातली कुठली यंत्रं बाहेरच्या संशोधकांना वापरता येतात ते शोधून वेळ घेता येते. जैवतंत्रज्ञान विभागाने आनुवंशिक रोगांच्या निदानासाठी २०१९ साली उम्मीद ही योजना आणली. माझं म्हणणं एवढंच आहे की यंत्राच्या प्रत्येक रुपयाबरोबर माणसाचा आणि देखभालीचा रुपया त्याच कागदावर मंजूर व्हायला हवा, आणि तो पाच-सात वर्षं टिकणारा हवा. तंत्रज्ञ अकरा महिन्यांच्या कंत्राटावर असेल तर शिकलेला हात दरवर्षी दारातून बाहेर जातो.

हे इंदुरात जमेल का?

इंदुरात हे गेली कित्येक वर्षं जमतंय, फक्त डोळ्यांसाठी अजून नाही. अणुऊर्जा विभागाच्या राजा रामण्णा केंद्रात इंडस-२ नावाचं १७२ मीटर घेराचं वर्तुळाकार यंत्र आहे. त्यात वेगाने फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनांतून निघणारा प्रखर प्रकाश वेगवेगळ्या खिडक्यांतून बाहेर काढतात, आणि प्रत्येक खिडकीशी देशातल्या कुठल्या ना कुठल्या विद्यापीठाचा माणूस आपला नमुना घेऊन बसलेला असतो. एक खिडकी तर प्रथिनांच्या स्फटिकांसाठी आहे, म्हणजे जीवशास्त्रवाल्यांची. विद्यापीठातल्या शिक्षकांना अणुऊर्जा विभागाच्या अशा मोठ्या सोयी वापरता याव्यात म्हणून जी संस्था उभी राहिली, तिचं मुख्यालयही इथेच, खंडवा रोडला विद्यापीठाच्या आवारात आहे. अर्ज करायचा, समितीने तो पारखायचा, वेळ मिळायची, काम करून जायचं: ही शिस्त या गावाला ठाऊक आहे. वैद्यकीय महाविद्यालय, नेत्र रुग्णालयं, आयआयटी आणि विद्यापीठाचा जैवतंत्रज्ञान विभाग एकाच शहरात आहेत. त्यांच्यात रोजचं येणं-जाणं सुरू व्हायला एक सामायिक जागा लागते.

"आधी मोतीबिंदूचं बघा"

हा आक्षेप मी मनापासून मानते. २०१५ ते २०१९च्या राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीवरच्या लोकांत अंधत्वाचं कारण ६६ टक्के वेळा मोतीबिंदू निघालं. मोतीबिंदूचे पैसे काढून इकडे द्या असं कुणी म्हणू नये, मीही म्हणत नाही. पण मोतीबिंदूचा इलाज माहीत आहे, तो शेवटच्या गावापर्यंत पोचवायचा आहे. आनुवंशिक पडदारोगात इलाजच शोधायचा आहे, आणि इथे नजर बरेचदा ऐन विशीत जाऊ लागते, पुढची पन्नास वर्षं तशीच काढायची असतात. शिवाय ही प्रयोगशाळा दुर्मिळ रोगांपुरतीच उपयोगी पडते असं नाही. उतारवयात पडद्याच्या मधोमध होणाऱ्या झिजेमागचं एक मोठं जनुकीय कारण २००५ साली सापडलं, तेही अवघे ९६ रुग्ण आणि ५० निरोगी माणसं ताडून. काचबिंदू, लहान मुलांचा वाढता चष्मा, मधुमेहाचा डोळा, सगळ्यांत जनुकांचा वाटा आहे.

"औषधच नाही, तर जनुक कळून करायचं काय?"

काही रोगांत कळल्याने ताबडतोब फरक पडतो. रेफसम नावाच्या रोगात रातांधळेपणा अगदी असाच असतो, पण तो एक विशिष्ट स्निग्धाम्ल शरीरात साचल्याने होतो आणि पथ्याने आटोक्यात ठेवता येतो. दुसऱ्या एका रोगात अ आणि ई जीवनसत्त्व वेळेवर दिलं तर नजर बरीच वाचते. उलट स्टारगार्ट या पडद्याच्या आनुवंशिक रोगात अ जीवनसत्त्वाच्या जादा गोळ्या घेऊ नयेत असं डॉक्टर सांगतात. आणि आपल्याकडे डोळ्यांचं काही निघालं की पहिली गोळी घरूनच तीच सुरू होते. बाळाच्या डोळ्यात कर्करोगाची गाठ होते तिथे आरबी१ जनुकातला बदल कळला की धाकट्या भावंडाला दर थोड्या दिवसांनी भूल देऊन तपासायचं की नाही हे ठरतं. बदल आला नसेल तर त्या बाळाची त्यातून सुटका होते.

आमच्याच घरचं सांगायचं तर यूएसएच२ए हे जनुक कानाशीही संबंधित आहे. अहवाल आला त्याच आठवड्यात मुलाच्या कानांची तपासणी केली. वरच्या पट्टीत थोडी उणीव निघाली, ती कुणाच्या लक्षातही आली नव्हती.

"आमच्या रक्ताची माहिती कुठे जाईल?"

हा प्रश्न प्रत्येकाने विचारलाच पाहिजे. संमतीपत्रावर तीन गोष्टी वेगवेगळ्या लिहिलेल्या असाव्यात: नमुना फक्त निदानासाठी की संशोधनासाठीही, माहिती नावाविना दुसऱ्यांना दिली जाईल का, आणि उद्या मन बदललं तर ती मागे घेता येईल का. २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला आहे, वैद्यकीय संशोधन परिषदेचे नैतिक नियम त्याआधीपासून आहेत. पण कायद्याहून जवळचा माणूस म्हणजे समोर बसून मराठीत, हिंदीत समजावून सांगणारा समुपदेशक. सामायिक प्रयोगशाळेच्या खर्चात त्याचाही पगार धरायला हवा.

"यंत्र तर पाच वर्षांत जुनं होणार"

होणारच. मानवी जीनोम पहिल्यांदा वाचायला १९९० ते २००३ अशी तेरा वर्षं आणि सुमारे तीन अब्ज डॉलर लागले, आज तेच काम हजार डॉलरच्या आत येतं. म्हणून यंत्र भाड्याने घ्या, टप्प्याटप्प्याने बदला, वापरणाऱ्यांकडून रास्त फी घ्या: विद्यार्थ्याला कमी, कंपनीला जास्त. फीतून रसायनं निघतात. पगार आणि देखभाल फीवर टाकली तर फी इतकी वाढते की बस पुन्हा रिकामी. तेवढा भार अनुदानाने उचलायचा. जमलेले नमुने, नोंदी आणि शिकलेली माणसं जुनी होत नाहीत. ती दरवर्षी जास्त कामाची होतात.

आमच्या अहवालाचं पुढे काय झालं

मावसबहिणीचं आणि तिच्या यजमानांचं रक्त पाठवायला आम्हाला दहा महिने लागले. पुन्हा फी, पुन्हा कुरियर, आणि "आता कळून काय होणार" हा घरातला सूर. शेवटी दोन जांभळ्या टोपणांच्या नळ्या थर्माकोलच्या डब्यात, बर्फाच्या पाकिटांमध्ये ठेवून मीच नेऊन दिल्या. एक बदल वडिलांकडून आला होता, दुसरा आईकडून. आणि मधल्या काळात तोच अनिश्चित बदल, त्याच रोगाच्या दुसऱ्या एका भारतीय कुटुंबात, कुठल्यातरी संशोधकांच्या गटाने जगभर खुल्या असलेल्या क्लिनव्हार या नोंदवहीत नोंदवला होता. ते कुटुंब कोण, कुठलं, आम्हाला कधी कळणार नाही. या दोन्ही गोष्टी जमेला धरून नव्या अहवालात त्या बदलापुढे 'बहुधा रोगकारक' असं लिहून आलं.

याच जनुकाच्या १३व्या भागातल्या बदलांसाठी एका औषधाच्या मानवी चाचण्या चालू आहेत. आमच्या मुलाचा बदल त्या भागात नाही. तरी डॉक्टरांनी त्याचं नाव आणि दोन्ही बदल आपल्या यादीत लिहून घेतले, दुसऱ्या कशाची चाचणी निघाली तर कळवू म्हणाले. यजमानांनी ओटल्याच्या तिन्ही पायऱ्यांच्या कडांना चार बोटं रुंद पांढरा पट्टा ओढला आहे. संध्याकाळी सातपर्यंत तो त्याला दिसतो.